दिंडीच्या विसाव्याचं झाड : गावात मान, कागदावर नोंद नाही

शेगावच्या श्री गजानन महाराजांची पालखी सुमारे ७०० वारकऱ्यांसह आषाढीला पायी निघते. पातूरहून मेडशी, शिरपूर जैन, रिसोड असं करत ती वाशिम जिल्ह्यातून सेनगावकडे जाते. वाटेत विसावा लागतो तो वडाखाली नाहीतर चिंचेखाली. वर्षानुवर्षं एकाच झाडाखाली दिंडी टेकली की ते झाड दिंडीचंच होऊन जातं. पाटी मात्र कोणी लावत नाही, अन् अडचण तिथंच आहे.

सेवाग्रामला गांधीजींनी १९३६ साली लावलेला पिंपळ आणि कस्तुरबांची बकुळ पाहुण्यांना आजही नावानिशी दाखवतात. नाव असलं की झाडाकडं लक्ष राहतं. आपल्याकडं मेडशीवरून जाणारा अकोला-वाशिम रस्ता चौपदरी झाला, कडेची जुनी सावली गेली.

राज्यानं २०२१ च्या दुरुस्तीत ५० वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष ठरवलं. तोडायचं झालं तर झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची. पण हा मूळ १९७५ चा कायदा नागरी क्षेत्रापुरता. म्हणजे रिसोड शहरातलं झाड त्यात बसतं, खेड्यातलं नाही!

गावासाठी वाट आहे ती २००२ च्या जैवविविधता कायद्याची. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. त्यात झाडाची जात, बुंध्याचा घेर, जागा अन् कोणती दिंडी तिथं थांबते, हे लिहून घ्यावं. त्यानं तोड थांबेलच असं नाही, पण हरकत घ्यायला हाती कागद राहतो. विषय १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडता येईल, तोवर डवरणीही उरकलेली असते.