कॉर्नियाचा जंतुसंसर्ग : प्रयोगशाळेतील निदान

डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्याला कॉर्निया म्हणतात. शेतात भाताचे पाते, उसाचे पाचट किंवा कुसळ लागून तो खरचटल्यास जंतुसंसर्ग होऊन व्रण होऊ शकतो. जिवाणूंचा आणि बुरशीचा व्रण दिसायला अनेकदा सारखाच असतो. उपचार मात्र वेगळे असतात. म्हणून तपासणी आवश्यक आहे.

नमुना कसा घेतात?
• डोळा बधिर करणारे थेंब टाकून व्रणाची कड व तळ निर्जंतुक पात्याने अलगद खरवडतात.
• शक्यतो प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वीच नमुना घेतात. आधी थेंब वापरले असल्यास ती बाटली डॉक्टरांना दाखवावी.

कोणत्या तपासण्या होतात?
• १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड : सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू दिसतात.
• ग्रॅम रंजन : जिवाणूंचा प्रकार कळतो. या दोन्ही तपासण्यांचा निष्कर्ष त्याच दिवशी मिळू शकतो.
• कल्चर : जिवाणू साधारणपणे १ ते २ दिवसांत वाढतात, बुरशीला आठवडा किंवा अधिक काळ लागू शकतो. जिवाणूंवर कोणते औषध लागू पडेल, हेही तपासता येते.
• पीसीआर : हर्पिस विषाणूचा संशय असल्यास उपयुक्त.

लक्षात ठेवा
• औषध दुकानातून स्टिरॉइडचे थेंब आणून स्वतःहून टाकू नयेत. बुरशीचा संसर्ग बळावून दृष्टी जाऊ शकते.
• डोळा लाल होऊन दुखत असेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.
• राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून राबवला जात आहे. जवळच्या नेत्रसेवेची माहिती प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात विचारावी.