वारणेचें दप्तर आणि मधला दुभाषी

आपल्या उसाचें वजन कारखान्याच्या दप्तरांत किती पडलें, हा ऊसकऱ्याला वर्षाच्या कमाईचा प्रश्न असतो. कोल्हापूर जिल्ह्यांतील वारणानगरचा सहकारी साखर कारखाना तात्यासाहेब कोरे यांनीं उभारला. त्याचें दप्तर परिसरांतील सुमारें 70 गांवांना संगणकाद्वारें जोडण्याची ‘वायर्ड व्हिलेज’ योजना 1998 सालीं निघाली. गांवच्या केंद्रांत जाऊन शेतकऱ्यानें आपला हिशेब पाहावा, हा तिचा हेतु होता. पुढें मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनीं 7 गांवांत 8 महिने निराळा प्रयोग केला. त्यांत केंद्रांतील संगणकाची जागा मोबाईलच्या संदेशानें घेतली. हा मार्ग स्वस्त व शेतकऱ्यांस अधिक प्रिय ठरला. दप्तर तेंच राहिलें. बदलला तो मधला दुवा.

संगणकविद्येंत दप्तर आणि विचारणारा यांमधील अशा मध्यस्थास ‘ड्रायव्हर’ म्हणतात. हा गाडीचा चालक नव्हे, तर दुभाषी होय. 1992 सालीं मायक्रोसॉफ्टनें ओडीबीसी नांवाची सामाईक रीत पुढें आणली. तिच्या आधारें ड्रायव्हर प्रोग्रॅमचा प्रश्न दप्तराच्या भाषेंत नेतो आणि उत्तर माघारीं आणतो. 2006 मध्यें गूगलची स्प्रेडशीट आली आणि हिशेबाची वही दूरच्या संगणकांवर राहूं लागली. मेजावरील प्रोग्रॅमला तीहि ड्रायव्हरकरवीं वाचतां येते. मात्र वहीच्या धन्याची परवानगी लागते.

दुभाषी कितीहि चतुर असला, तरी चुकीचें वजन तो चुकीचेंच सांगणार. म्हणून दुवा कोणताहि असो, शेतकऱ्याचा न्याय अखेर काट्यावरील चोख नोंदींतच असतो.