तळं जसंच्या तसं राहावं

मुंबईत शेख मेमन स्ट्रीटजवळ, क्रॉफर्ड मार्केटच्या गर्दीत, जुम्मा मशीद उभी आहे. आत शिरलेला नवखा माणूस हमखास थबकतो. समोर एक मोठा, खोल हौद. हिरवट पाण्यात मासे फिरतात, एखादं कासव मान वर काढतं, आणि काठावर माणसं वुजूला, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, बसलेली असतात. हौदाच्या पाण्यातूनच काळ्या दगडाच्या सोळा कमानी वर उठतात आणि सगळ्या इमारतीचा भार पेलतात.

अशी उलटी रचना का झाली असावी? मशीद आधी बांधून मग हौद खणतात, ही रीत. इथं हौद आधीचा आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या जागी मोकळी जमीन आणि बाग होती, आणि बागेत झऱ्याच्या पाण्यावर भरणारं तळं होतं. बागेचा मालक एक कोकणी मुसलमान व्यापारी. मशिदीसाठी जागा द्यायला तो तयार झाला, पण एक अट घालून : तळं जसंच्या तसं राहिलं पाहिजे. मग तळ्यावरच बांधकाम झालं. १८०२ साली ते पुरं झालं. तळ्याच्या पायऱ्या आणि काठ मात्र नंतरचे, १८९३ सालचे.

मंडळी, आज बागेतल्या तळ्याबद्दल बोलायचं ठरवलं तेव्हा मला पहिल्यांदा हा व्यापारी आठवला. कारण गेल्या काही वर्षांत आपल्याकडेही घरापुढं छोटं तळं करायची हौस वाढली आहे. वणीला, राजूरला, यवतमाळला नवं घर बांधलं की अंगणात एक खड्डा, त्यात निळा रंग, एक कारंजं आणि दुकानातून आणलेले चार रंगीत मासे. हौस चांगली आहे. पाण्याजवळ बसावंसं वाटणं ही माणसाची जुनी ओढ आहे. पण पहिलं तळं करणाऱ्यापुढं एक प्रश्न असतोच : या पाण्यात सोडायचं काय? इतिहासात त्याची उत्तरं आहेत. काही शहाणपणाची, काही महागात पडलेली.

आधी शब्दच बघा. ‘हौद’ हा आपला रोजचा मराठी शब्द अरबी ‘हौज’वरून आला. ‘बाग’ फारसीतून आला. पण पाणी साठवून त्यात मासे बघण्याची आवड त्याआधीचीही आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. कांडताना ओव्या गाणाऱ्या बायकांचा उल्लेख त्यात आहे, म्हणून मराठीचे अभ्यासक त्याला मान देतात. त्याच ग्रंथात मासेमारीच्या विनोदावर एक प्रकरण आहे. कोणता मासा कुठं राहतो, काय खातो, त्याला कोणता चारा घालावा, हे राजानं बारकाईनं लिहिलं आहे. म्हणजे मासा पोसायचा तर आधी त्याची राहणी माहीत हवी, हे नऊशे वर्षांपूर्वी याच दख्खनमध्ये नोंदलं गेलं.

पुढं अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, निजामशाहीनं फराहबाग केली. १५८३ साली पुरा झालेला तो महाल एका मोठ्या तलावाच्या मधोमध उभा आहे. पाणी आणलं डोंगराच्या पायथ्यापासून, जमिनीखालच्या खापरी नळांतून. तिकडं औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात पाणचक्की झाली. हर्सूलच्या बाजूनं मातीच्या नळांतून आलेलं पाणी उंचावरून पात्यांवर पडायचं, जातं फिरायचं आणि फकिरांसाठी पीठ दळलं जायचं. तेच पाणी पुढं लांबलचक हौदात. त्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत. वर पाणी, खाली गारवा.

या जुन्या हौदांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. पाणी एका बाजूनं येतं आणि दुसऱ्या बाजूनं जातं, किंवा तळाशी झरा असतो. हनफी फिकहमध्ये ‘दह दर दह’ असा एक हिशेब आहे. दहा हात लांब आणि दहा हात रुंद, म्हणजे साधारण पंधरा फूट बाय पंधरा फूट पाणी असेल, तर ते थोड्याशा घाणीनं नापाक होत नाही. हा नियम धर्माचा. पण तळं राखणाऱ्याला त्यातला व्यवहार लगेच कळतो : पाणी जितकं पसरट आणि जास्त, तितकं ते स्वतःला सांभाळून घेतं. माशांना हवा मिळते ती मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागातून. म्हणून अरुंद आणि खोल टाक्यापेक्षा पसरट तळं बरं.

आता आपल्या राजूरकडं येतो. राजूरची ओळख दोन गोष्टींची : कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या. चुनखडीचा दगड इथलाच, भाजायला कोळसाही इथलाच. जुने हौद बांधले गेले ते चुन्यातच. बैल जुंपून घाणीत चुना मळायचा, त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालायचा, मग गिलावा करायचा आणि तो पिकू द्यायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू परत दगड होतो. त्याला महिने लागतात. तोवर पाण्यात उतरणारा चुना माशांची कल्ली भाजून काढतो. सिमेंटचंही तेच, कारण त्यातूनही चुना सुटतो. नव्या तळ्यातले मासे दुसऱ्या दिवशी उलटे होऊन तरंगतात तेव्हा लोक दुकानदाराला बोल लावतात. बहुतेक वेळा दोष ओल्या सिमेंटचा असतो. म्हणून नवं टाकं भरावं, आठवडाभर ठेवावं, रिकामं करावं, घासावं. असं दोन-तीनदा केल्यावरच तळ्याचा विचार करावा. भट्टीजवळ राहणाऱ्यांना चुन्याचा हा स्वभाव सांगायला नको.

माशांची गोष्ट वेगळ्या वळणावर गेली ती डासांमुळं. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापाचा अहवाल दिला आणि घरोघरच्या विहिरींवर बोट ठेवलं. डास तिथं वाढत होते. विहिरी झाका, बुजवा, नाही तर त्यांत अळ्या खाणारे मासे सोडा, असं सुरू झालं. शोभेचा मासा आता सरकारी कामाला लागला. दक्षिण अमेरिकेतला गप्पी आला. १९२८ साली इटलीमार्गे गंबुसिया आला, मूळचा अमेरिकेतला. गप्पी हे नाव रॉबर्ट गप्पी या त्रिनिदादच्या माणसाचं, एकोणिसाव्या शतकात त्यानं हे मासे इंग्लंडला पाठवले होते. आज खेड्यातल्या पोरालाही गप्पी मासा ठाऊक आहे. हिवताप विभागानं तो गावोगावच्या टाक्यांत, डबक्यांत सोडला. त्यानं काम केलं, हे नाकारायचं कारण नाही.

पण गंबुसिया नुसत्या अळ्या खाऊन थांबत नाही. तो दुसऱ्या माशांची अंडी खातो, बेडकांची पिल्लं खातो. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव गेलं आहे. हीच गत जलपर्णीची. जांभळ्या फुलांची ही वनस्पती ब्राझीलकडची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती बंगालमध्ये आली, बागेतल्या तळ्याची शोभा म्हणून. आज देशातली कितीतरी तळी आणि नद्या तिच्याखाली गुदमरतात. काचेच्या पेटीत काच चाटणारा सकर मासा महाराष्ट्रात उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला आहे. कुणीतरी पेटी आवरताना तो नदीत सोडला असेल, बिचारा जगू दे म्हणून. थाई मांगूरवर तर केंद्र सरकारला २००० साली बंदीच घालावी लागली, कारण तो दिसेल ते खातो.

म्हणजे अंगणातलं तळं आपल्या कुंपणाच्या आत राहत नाही. जुलैमध्ये विदर्भात पाऊस कोसळतो, तळं भरून वाहतं, पाणी नालीत, नालीतून नाल्यात. इथल्या नाल्यांचं पाणी अखेर वर्धेला मिळतं, वर्धा वैनगंगेला भेटून प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरीत जाते. राजूरच्या अंगणातून निसटलेल्या माशाला पुढचा रस्ता मोकळा आहे.

आपल्याकडं दुसरं शहाणपणही होतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडं कोहळी समाजानं बांधलेले तलाव आहेत. माजी मालगुजारी तलाव, लोक त्यांना लाडानं मामा तलाव म्हणतात. लहान तलावाला तिकडं बोडी म्हणतात. त्या पाण्यात ढीवरांच्या पिढ्या जगल्या. मरळ काठच्या गवतात पिल्लं राखते, शिंगी-मांगूर चिखलात तग धरतात, पावसाळ्याच्या पहिल्या पाण्याबरोबर कोणता मासा वर चढतो, हे त्यांना पाठ. १८३० च्या दशकात कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या माशांची नोंद केली, तेव्हा काही माशांना शास्त्रीय नावं देताना त्यानं इथल्या कोळ्या-भोयांच्या तोंडचेच शब्द घेतले. आपल्या नदीच्या बोलीतले शब्द असे जगाच्या शास्त्रात गेले. आणि आपण तळं केलं की मासा आणतो चीनमधला! सोनेरी मासा तिकडच्या बागांमध्ये हजारेक वर्षांपूर्वी तयार झाला. तो देखणा आहे, पण तो मेच्या पंचेचाळीस अंशांसाठी घडलेला नाही.

तेव्हा पहिलं तळं कसं करावं? माझं सांगणं असं. आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि अडीच फूट खोल खड्डा पुरतो. त्यात सुमारे २,८०० लिटर पाणी मावतं. जागा अशी बघा की सकाळचं ऊन यावं आणि दुपारी सावली पडावी. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, आणि आपल्याकडं मासे बहुधा त्यानंच मरतात. मात्र कडुनिंबाच्या थेट खाली नको, पानगळ तळाशी कुजते. एका बाजूचा काठ उतरता ठेवा, म्हणजे पाण्यात पडलेला सरडा, खार, चिमणीचं पिल्लू बाहेर येऊ शकेल. घरात लहान मूल असेल तर वर लोखंडी जाळी हवीच. अडीच फूट पाणी मुलाचा जीव घ्यायला पुरेसं असतं.

चुना निघून गेल्यावर पाणी भरा. नळाचं असेल तर दोन दिवस उघडं ठेवा, म्हणजे क्लोरीन उडेल. मग आधी झाडं. घमेल्यात काळी माती घ्या, वर बारीक गिट्टीचा थर द्या आणि त्यात कमळ किंवा कुमुद लावा. पाण्याखाली वाढणारी इथलीच वनस्पती गावच्या तलावातून थोडीशी आणा, धुऊन, निवडून. जलपर्णीचा तुकडाही येऊ देऊ नका. पानांनी निम्मं पाणी झाकलं की पुरे. आता महिना-दीड महिना थांबा. या काळात पाणी आधी हिरवं होईल, मग निवळू लागेल. माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया पचवणारे सूक्ष्मजीव दगडांवर, मुळांवर वस्तीला येतात. आंबा जसा अढीत पिकतो तसं पाणीही पिकावं लागतं. तोवर चतुर येऊन बसेल, त्याची पिल्लं डासांच्या अळ्यांवर जगतात. बेडूक तर बोलावण्याची वाट बघत नाही.

मासे सगळ्यात शेवटी. गावातल्या ढीवर-भोई मंडळींना विचारा. डोक्यावर रुपेरी ठिपका असलेला, पाण्याच्या पृष्ठभागाशी फिरणारा चिमुकला मासा मागा. अंगावर लांब काळी रेघ असलेला बोटाएवढा मासा मागा. दोघंही अळ्या खातात. दहा-बारा पुरे. पिशवी वीसेक मिनिटं पाण्यात तरंगत ठेवा, दोन्ही पाणी सारखं गार झालं की मग सोडा. चिमूटभर खाणं, तेही पाच मिनिटांत संपेल एवढंच. मरळ मात्र या तळ्यात नको, ती बाकीच्यांचा फडशा पाडेल. आणि पुढं कधी तळं बुजवायचं झालं, तर त्यातलं काहीही नाल्यात ओतू नका. ज्यांना मासे हवे असतील त्यांना द्या.

मुंबईच्या त्या व्यापाऱ्यानं जमीन दिली, बाग दिली, पण पाणी राखून ठेवलं. त्याच्या अटीमुळं आजही बाजाराच्या गलबल्यात माणसं पाण्याकाठी बसतात आणि मासे बघतात. आपल्या गावातली बोडी, नाला, नदी यांच्यासाठी अशी अट घालणारा कुणी मालक नाही. खाणींनी पाणी खोल नेलं, उरलेल्या पाण्यात सांडपाणी आलं. अशा वेळी अंगणात खणलेलं छोटं तळं काही नदी वाचवणार नाही. पण गावच्या नाल्यातले मासे जिथं ओळखीचे होतात, पोरं त्यांची नावं ढीवर आजोबांना विचारतात, त्या घरातली पोरं उद्या नाल्यात परकं काही सोडताना थांबतील. तीच पोरं मोठी झाल्यावर ग्रामसभेत उभी राहून ती अट घालतील, एवढी आशा ठेवायला काय हरकत आहे?