वलगण (वसई-विरार परिसर)

पावसाळ्याच्या आरंभी अंडी घालण्यासाठी माशांचे नदी-ओहोळांतून उथळ भातखाचरांकडे होणारे स्थलांतर. उत्तर कोकणात ही संज्ञा रूढ असून अन्यत्र अशा माशांना ‘चढणीचे मासे’ म्हणतात. उत्तरेस वैतरणा नदी व दक्षिणेस वसईची खाडी यांमधील वसई परिसरात खाचरे, ओहोळ, तळी आणि बावखले (बागायतीत पावसाचे पाणी साठविण्यासाठी खोदलेले खळगे) ही मरळ, शिवडा इ. माशांची आश्रयस्थाने होत.

वलगणीचे मासे गाभोळीने भरलेले असल्याने चविष्ट मानले जातात व प्रवाहाविरुद्ध चढताना सहज सापडतात. मासेमारी हाताने वा लहान जाळ्याने होई आणि खाचरे विस्तीर्ण होती, तोवर उरलेल्या माशांपासून पुढील पिढी निर्माण होत असे. खाचरे आक्रसल्यावर मात्र हीच प्रथा घातक ठरू लागली.

भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम, १८९७ याने सुरुंग व विष वापरून मासे मारण्यास बंदी केली. जाळ्याच्या आसांचे माप ठरविण्याचा व एखाद्या जलाशयातील मासेमारी दोन वर्षांपर्यंत थांबविण्याचा अधिकारही त्याने प्रांतिक शासनास दिला. परंतु खाजगी पाण्यास हे नियम मालकाच्या लेखी संमतीविना लागू होत नसत. खाजगी खाचरे व बावखले या तरतुदीमुळे नियमांच्या कक्षेबाहेर राहिली. महाराष्ट्राने १९६० मध्ये स्वतंत्र अधिनियम केला. समुद्रात जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्याच सुमारास ओहोळांत वलगणीची मासेमारी चालू असते.

मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी वैतरणा व तिची उपनदी तानसा यांवर धरणे झाली. त्यांपैकी तानसा धरण १८९२ मध्ये, तर मध्य वैतरणा धरण २०१४ मध्ये पूर्ण झाले. धरणांमुळे माशांचे चढणीचे मार्ग खंडित होतात व खालच्या अंगास गोड्या पाण्याचा प्रवाह घटतो. १९९० मध्ये सिडकोची येथे विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नियुक्ती झाली आणि २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. नागरीकरणाच्या ओघात खाचरे व बावखले बुजविली गेली, तर ओहोळ सांडपाण्याचे नाले बनले. १९८० नंतरच्या दशकात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या हरित वसई चळवळीने शेतजमीन व भूजल यांच्या रक्षणाचा आग्रह धरला. बावखलांचे पाणी झिरपून विहिरींना मिळते. त्यामुळे विहिरीचा व माशांचा प्रश्न मुळात एकच ठरतो.

प्रशासन मात्र विभागलेले आहे : मासे मत्स्यव्यवसाय खात्याकडे, धरणांचे पाणी जलसंपदा विभाग व मुंबई महानगरपालिकेकडे, जमिनीचा वापर नियोजन यंत्रणेकडे. पाणी व जमीन यांसंबंधीचे निर्णय मत्स्यव्यवसाय खात्याच्या हाती नसल्याने केवळ मासेमारीवरील निर्बंधांनी वलगण टिकणे कठीण आहे. मत्स्यबीज सोडल्याने तळ्यातील उत्पादन वाढू शकते. परंतु बुजलेला ओहोळ त्यामुळे पुन्हा वाहू लागत नाही.