फळा न दिसणारी मुले

नागपुरातल्या माझ्या शाळेत मुलांना उंचीप्रमाणे बसवत. मी उंच, म्हणून शेवटच्या बाकावर. फळ्यावरची गणिते मी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेई आणि त्याच्या चुकाही माझ्या नावावर जमा होत. प्रगतिपुस्तकात ‘लक्ष नाही’ हा शेरा ठरलेला. आठवीत असताना एकदा सीताबर्डीवर ताई म्हणाली, “बसचा नंबर बघ रे.” मी बघत राहिलो आणि बस निघून गेली. त्या आठवड्यात मला वजा साडेतीनचा चष्मा लागला. म्हणजे साधारण २८ सेंटिमीटरच्या पलीकडचे जग तोवर मला धूसरच दिसत होते.

ही १९८२ची गोष्ट. पुढे जुनी कागदपत्रे वाचण्याचा नाद लागला, तेव्हा एक प्रश्न सतत डोक्यात राहिला : फळा दिसतो की नाही, हे आठ वर्षांत मला कुणीच का विचारले नाही?

ज्ञान नव्हते म्हणून, असे म्हणता येत नाही. उट्रेख्टच्या हेर्मान स्नेलेन यांनी अक्षरांचा तक्ता १८६२मध्ये काढला. त्याची रीत साधी आहे. सहा मीटरवरून सुमारे पावणेनऊ मिलिमीटर उंचीचे अक्षर वाचता आले, की नजर ६/६. ब्रेस्लाऊच्या हेर्मान कोन यांनी १०,०६० शाळकरी मुले तपासून १८६७मध्ये निष्कर्ष छापले : खेड्यातल्या शाळांत लघुदृष्टी कमी, शहरात जास्त आणि इयत्ता वाढत जाईल तशी ती वाढत जाते. उत्तर न देणाऱ्या लहान मुलाचा नंबरही डोळ्यात प्रकाश टाकून, त्याची हालचाल पाहून काढता येतो, हे १८७३पासून माहीत आहे.

नागपुरात डॉक्टर नव्हते, असेही नाही. राजकारणामुळे प्रसिद्ध झालेले डॉ. बा. शि. मुंजे हे व्यवसायाने डोळ्यांचे डॉक्टर होते. १९४७मध्ये शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. नव्हती ती वर्गातल्या बाकापासून दवाखान्यापर्यंतची वाट.

ही वाट आपल्याकडे पहिल्यांदा आखली गेली ती बडोद्यात. सयाजीराव गायकवाडांनी १९०६मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९०९मध्ये बडोदे शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. भारतातल्या शालेय आरोग्यसेवेचा इतिहास इथूनच सांगितला जातो. इंग्लंडमध्ये असा कायदा त्याच्या दोनच वर्षे आधी, १९०७मध्ये झाला होता. मला या दोन तारखांत कार्यकारणभाव दिसतो. मुलाला शाळेत यायची सक्ती केली, की ते तिथे शिकू शकते की नाही हे पाहण्याची जबाबदारी सरकारवर येते.

ही जबाबदारी पुढे सर्वत्र पाळली गेली नाही. नाशिकला जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६च्या अहवालात नोंदवले, की देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच. १९६०मध्ये रेणुका राय समिती नेमली गेली. १९६३मध्ये खुपरीविरुद्ध, तर १९७०मध्ये ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने येणाऱ्या अंधत्वाविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाले. १९७६मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. मला चष्मा लागला तेव्हा त्याला सहा वर्षे झाली होती.

हा क्रम चुकीचा होता, असे मी म्हणणार नाही. ज्या देशात मुलांचे बुबुळ विरघळून डोळा कायमचा जात होता, तिथे चष्म्याआधी जीवनसत्त्वाचा डोस हवाच होता. पण आणखी एक कारण मोजदादीच्या पद्धतीत दडलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेची जुनी व्याख्या योग्य चष्मा लावल्यानंतरची नजर धरत असे. त्यामुळे चष्म्याने बरे दिसू शकेल पण चष्माच नाही, असे मूल कागदावर डोळस ठरे. मोजायची रीत बदलून २००४ या वर्षासाठी अंदाज काढला, तेव्हा केवळ चष्म्याअभावी नीट न दिसणारी पाच वर्षांवरील माणसे जगात १५ कोटी ३० लाख निघाली. ती आधीही होतीच. फक्त त्यांच्यासाठी रकाना नव्हता.

२०१३मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही महाराष्ट्रात, पालघरला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा पथकाने जायचे, अशी त्याची रचना आहे. शंभर वर्षांनी का होईना, बडोद्याची वाट पुन्हा धरली गेली.

ती वेळेत धरण्याला महत्त्व आहे. माझे दोन्ही डोळे सारखेच अधू होते, म्हणून आठवीतही चष्म्याने भागले. एकाच डोळ्याला मोठा नंबर असला, तर मूल दुसऱ्या डोळ्याने काम भागवते आणि तक्रार करत नाही. मेंदू हळूहळू त्या अधू डोळ्याची दखल घेणे सोडतो. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, हा उपाय झाला तर बहुतेकदा नजर सुधारते. पुढे ते अवघड होत जाते.

जुनी शाळा-दप्तरे चाळताना ‘मंद’, ‘लक्ष नाही’, ‘प्रगती नाही’ असे शेरे दिसले, की मी आता थांबतो. इतिहासाचे साधन म्हणून हे शेरे आपण मुलाच्या बुद्धीबद्दलचा पुरावा मानतो. त्यांतले किती शेरे खरे तर डोळ्यांबद्दलचे होते, हे आता ठरवता येणार नाही. पण असा शेरा लिहिण्याआधी मुलाला सहा मीटरवर उभे करून एक तक्ता वाचायला लावणे, एवढे आजच्या शिक्षकाला नक्की करता येईल.