मिठाची खिडकी: एका पावसाळ्यात सुरू झालेला इतिहास

आजचा भाग एका खिडकीबद्दल आहे. घराच्या नाही, प्रयोगशाळेतल्या. रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, काचेसारखी दिसणारी, पण काच नसलेली. ही खिडकी मिठाची असते.

माझी आणि तिची ओळख नाशिकमध्ये झाली, एमएस्सीला असताना, जुलै महिन्यात. बाहेर गोदावरी दुथडी भरून वाहत होती आणि आत भिंतींना ओल आली होती. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेल्या एका नमुन्याचा इन्फ्रारेड वर्णपट घ्यायचा होता. बाटली आधीपासून अर्धवट उघडी होती. मी काही विचार न करता सेल भरला, वर्णपट घेतला आणि वर धुण्यासाठी साधं स्पिरिट वापरलं. अर्ध्या तासात खिडकी दुधासारखी पांढरी! आलेखाची पायारेषा उतरणीला लागली आणि ३,४०० वेव्हनंबरच्या आसपास एक रुंद खड्डा दिसला. मी तो खड्डा माझ्या पदार्थातल्या हायड्रॉक्सिल गटाचा समजून वहीत लिहूनही टाकला. लॅबमधल्या मामांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "अहो सर, ते पाणी आहे. मीठ पाघळलंय तुमचं."

तेव्हा लाज वाटली. पुढे कळलं, की याच पाघळलेल्या मिठावरून युरोपातले दोन मोठे शास्त्रज्ञ अनेक वर्षं भांडले होते. आणि तो वाद साधासुधा नव्हता.

तर आधी प्रश्न असा, की मीठच का? १८०० साली विल्यम हर्शेलने सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे थर्मामीटर ठेवला आणि तिथेही उष्णता आहे, हे दाखवलं. हेच अवरक्त किरण. पण पुढची वाट काचेनेच अडवली. आपली साधी काच दृश्य प्रकाशाला पारदर्शक असली, तरी चार-पाच मायक्रॉनच्या पुढच्या अवरक्त किरणांना ती जवळपास भिंतच आहे. रेणूंची खरी ओळख पटते ती त्याच्याही पुढच्या पट्ट्यात. १८३०च्या दशकात इटलीच्या मॅसिडोनिओ मेलोनीने एकेक पदार्थ तपासले आणि त्याला आढळलं, की खाणीतलं मीठ, म्हणजे आपण उपवासाला वापरतो ते सैंधव, या उष्णतेला सहज वाट देतं. स्वयंपाकघरातली वस्तू अशी भौतिकशास्त्राच्या टेबलावर आली.

मग आला जॉन टिंडल. १८५९ पासून लंडनमध्ये तो वायू उष्णता किती शोषतात, हे मोजत होता. पितळेची लांब नळी, आत वायू आणि दोन्ही टोकांना सैंधवाच्या घासून गुळगुळीत केलेल्या चकत्या. म्हणजे चक्क मिठाच्या खिडक्या. त्याने सांगितलं, की हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन उष्णतेला फारसं अडवत नाहीत, पण कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ अडवतात. पृथ्वी रात्री गोठून का जात नाही, याचं उत्तर या निष्कर्षात होतं. आज आपण ज्याला हरितगृह परिणाम म्हणतो, त्याचा हा प्रयोगाचा पाया.

पण बर्लिनच्या गुस्ताव माग्नुसला हे पटलं नाही. त्याचा आक्षेप ऐका: दमट हवा नळीत भरली, की ओल मिठाच्या चकत्यांवर बसते. उष्णता शोषतोय तो चकतीवरचा खारा ओलावा, हवेतली वाफ नव्हे! म्हणजे नाशिकच्या लॅबमध्ये मी केलेल्याच चुकीचा आरोप. फरक इतकाच, की माझ्या वहीत एक पान चुकलं असतं आणि तिथे पृथ्वीच्या हवामानाचं गणित पणाला लागलं होतं. टिंडलने काय केलं? चकत्या काढून टाकल्या आणि उघड्या टोकांच्या नळीत तोच प्रयोग करून दाखवला. वाफ तरीही उष्णता शोषत होती. निष्कर्ष टिकला, पण माग्नुसचा प्रश्न बरोबरच होता. खिडकी नमुन्याशी बोलत तर नाही ना, हे आधी तपासायचं असतं.

पुढे १९०५ मध्ये अमेरिकेच्या विल्यम कोब्लेंट्झने शंभरहून अधिक संयुगांचे अवरक्त वर्णपट छापले. सैंधवाच्याच लोलकातून. पण खाणीतून मोठा, स्वच्छ, तडा नसलेला स्फटिक मिळणं नशिबाचा भाग होता. १९३०च्या दशकात वितळलेल्या क्षारांपासून मोठे स्फटिक वाढवण्याच्या पद्धती हाती आल्या आणि हे परावलंबन संपलं. दुसऱ्या महायुद्धात कृत्रिम रबर आणि पेट्रोलियमच्या तपासणीसाठी यंत्रांची घाई झाली. १९४२ मध्ये बेकमनचं आणि १९४४ मध्ये पर्किन-एल्मरचं यंत्र आलं. त्याच काळात जर्मनीत थॅलियम ब्रोमाइड आणि आयोडाइडचा लालसर स्फटिक तयार झाला, केआरएस-५. पाण्याला बऱ्यापैकी दाद न देणारा, पण विषारी.

आता जरा कामाचं बोलू. द्रावणासाठी खिडकी निवडताना दोन गोष्टींची ओढाताण असते: किती दूरपर्यंत दिसतं आणि किती टिकतं. साधं मीठ साधारण ६५० वेव्हनंबरपर्यंत दाखवतं, पोटॅशियम ब्रोमाइड ४०० पर्यंत. दोन्ही स्वस्त, दोन्ही पाण्यात विरघळणारी. १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ मावतं, हे शाळेत शिकलोय आपण. म्हणून ही दोघं कोरड्या क्लोरोफॉर्मसाठी किंवा कार्बन टेट्राक्लोराइडसाठी. पाणी असलेलं अल्कोहोलसुद्धा नको.

पाण्यासाठी कॅल्शियम फ्लोराइड. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण सुमारे १,१०० च्या खाली त्याची नजर अंधुक होते. बेरियम फ्लोराइड ८०० च्या आसपास जातं, पण जरा जास्त विरघळतं आणि अमोनियमचे क्षार दोघांनाही सोसत नाहीत. झिंक सेलेनाइड आणखी पुढे जातं, पण त्याचा अपवर्तनांक २.४ असल्यामुळे एका खिडकीच्या दोन पृष्ठभागांवरच जवळपास ३० टक्के प्रकाश परावर्तनात जातो. आणि तीव्र आम्लात ते घालूच नये, कारण हायड्रोजन सेलेनाइड हा विषारी वायू सुटतो. सिल्व्हर क्लोराइड पाण्याला भीत नाही, पण उजेडात काळवंडतं.

शिवाय खिडकी कितीही चांगली असली, तरी पाणी स्वतःच १,६४० ला जोरदार शोषण करतं. त्यामुळे तिथलं काही पाहायचं, तर दोन खिडक्यांमधला थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका, किंवा त्याहून पातळ ठेवावा लागतो. प्रथिनांवर काम करणारे म्हणूनच साध्या पाण्याऐवजी जड पाणी घेतात. त्याचा पट्टा १,२०० च्या आसपास सरकतो आणि मधली जागा मोकळी होते.

आता नाशिककरांसाठी खास. कॅल्शियम फ्लोराइडचं खनिज रूप म्हणजे फ्लोराइट. आपल्या सिन्नर तालुक्यातल्या महोदरीच्या खाणीत, दख्खनच्या काळ्या बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये, फ्लोराइटचे पिवळसर-तपकिरी गोळे सापडले आहेत. जगभरचे खनिजसंग्राहक त्यांना ओळखतात. खिडक्या अर्थातच कारखान्यात वाढवलेल्या स्फटिकांच्या असतात, पण ते रसायन आपल्या डोंगरात आहे, याचं मला कौतुक वाटतं.

आणि गंमत अशी, की त्याच जिल्ह्यातली वाइन हा या निवडीचा उत्तम धडा आहे. वाइन म्हणजे पाणी, अल्कोहोल, साखर आणि आम्ल एकत्र. मिठाची खिडकी पहिल्याच थेंबाला संपेल. अल्कोहोलचा ठळक पट्टा १,०४५ च्या आसपास, म्हणजे नेमका कॅल्शियम फ्लोराइडच्या कडेवर. पातळ चकती घेतली, तर थोडं पुढचंही दिसतं. झिंक सेलेनाइडला तो पट्टा सोपा, पण वाइनचा पीएच तीन ते चारच्या दरम्यान असतो आणि झिंक सेलेनाइडला साधारण पाच ते नऊ मानवतो. मग उरतो हिरा. १९६०च्या सुमारास हॅरिक आणि फारेनफोर्ट यांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या पद्धतीत प्रकाश स्फटिकाच्या आतूनच परावर्तित होतो आणि नमुन्याला जेमतेम स्पर्श करतो. तिथे हिऱ्याचा छोटा तुकडा पुरतो.

त्यामुळे सेल भरण्याआधी मी आता स्वतःला चार प्रश्न विचारतो. द्रावणात पाणी आहे का? मला हवा असलेला पट्टा खिडकीच्या हद्दीत आहे का? द्रावण आम्ल आहे की अल्कली? आणि माग्नुसचा प्रश्न: दिसतंय ते नमुन्याचं, की खिडकीचं?

माझी ती खिडकी मामांनी अल्कोहोलने जेमतेम ओल्या केलेल्या कापडावर हलक्या हाताने गोल गोल घासून पुन्हा स्वच्छ केली आणि सिलिका जेलच्या डबीत ठेवली. मी वहीतलं ते वाक्य खोडलं. वर्णपट पुन्हा घेतला, या वेळी कोरड्या क्लोरोफॉर्ममध्ये. ३,४०० चा खड्डा गायब होता.

तुमच्याही लॅबमधली अशी एखादी पाघळलेली आठवण असेल, तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर डबीचं झाकण घट्ट लावा, पाऊस आहे.