धागा : सांगोल्याचा करार, सातारची गादी आणि लंडनमधली चौदा वर्षे

सोलापूर जिल्ह्यातले सांगोला आज डाळिंबासाठी ओळखले जाते. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात हे गाव एकदाच येते, तेही एका ओळीत : १७५० चा सांगोल्याचा करार. पुढच्या ओळीत विषय बदलतो. ती ओळ वाचून पुढे गेलेल्यांसाठी हा धागा आहे, कारण तिचे एक टोक थेट लंडनच्या धुक्यात जाऊन पोहोचते.

छत्रपती शाहू महाराज डिसेंबर १७४९ मध्ये वारले. रामराजे गादीवर आले. प्रतिनिधींचा मुतालिक यमाजी शिवदेव याने सांगोल्याच्या भुईकोटात बंडाचा झेंडा उभारला. सदाशिवरावभाऊ रामराजांना बरोबर घेऊन माणदेशात उतरले, बंड मोडले आणि त्याच मुक्कामी ठरले की राज्यकारभार यापुढे पेशव्यांनी पाहावा. छत्रपतींकडे सातारची गादी आणि तिचा मान राहिला, सत्ता पुण्याला गेली.

एखाद्या राजघराण्याची सत्ता जाते तेव्हा गाजावाजा होतोच असे नाही. कधी कधी एका मुक्कामावर, एका कागदावर ते उरकते. सातारकरांच्या घराण्याने हा अनुभव सांगोल्याला घेतला. दुसऱ्यांदा घेतला तो जवळजवळ शंभर वर्षांनी. त्या वेळी कागद लंडनमध्ये होता आणि तो बदलून घेण्यासाठी एक मराठी माणूस तिथे चौदा वर्षांच्या घरात राहिला. त्यांचे नाव रंगो बापूजी गुप्ते.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. रामराजांच्या दत्तकपुत्राचे चिरंजीव प्रतापसिंह यांना कंपनी सरकारने १८१९ च्या तहाने सातारचे एक छोटे राज्य दिले. त्याची पूर्वेकडची हद्द पंढरपूर भागापर्यंत जात असे, म्हणजे सांगोल्याचा मुलूखही त्यातच होता. पहिला रेसिडेंट म्हणजे मराठ्यांच्या इतिहासाचा लेखक ग्रँट डफ. प्रतापसिंहांनी शाळा काढल्या, रस्ते केले, पाण्याची सोय केली. पण तहातली कलमे ते शब्दशः वाचत आणि आपला हक्क मागत. मांडलिक राजाचा हा गुण मुंबई सरकारला मानवणारा नव्हता. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचे, कंपनीच्या शिपायांना फितवल्याचे आरोप ठेवण्यात आले. गुन्हा कबूल करा आणि गादीवर राहा, असा पर्याय पुढे आला. महाराजांनी सही नाकारली. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला धाडले आणि धाकट्या भावाला, आप्पासाहेबांना, गादीवर बसवले.

मुंबई सरकार ऐकत नाही, कलकत्ता ऐकत नाही. उरले लंडन. कंपनीचे मालक तिथे, पार्लमेंट तिथे, राणी तिथे. महाराजांनी एकामागून एक वकील विलायतेस पाठवले. रंगो बापूजी १८४० मध्ये लंडनला पोहोचले. बाकीचे वकील यथावकाश परतले, हे राहिले.

त्यांच्या आधी मराठी दरबाराचा कोणी माणूस तिथे गेला नव्हता असे नाही. १७८१ मध्ये रघुनाथरावांनी हणमंतराव नावाच्या ब्राह्मणाला मणियार रतनजी या पारशी गृहस्थासोबत लंडनला पाठवले होते. त्यांची राजकीय कामगिरी फारशी फळली नाही. तपशील मात्र उरला आहे, आणि तो चुलीचा आहे. लंडनच्या भाड्याच्या घरात सोवळ्याने स्वयंपाक करणे अशक्य झाले. शेवटी पार्लमेंटचे सभासद एडमंड बर्क यांनी त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या वाडीवर नेले आणि बागेतले काचघर स्वयंपाकासाठी मोकळे करून दिले. परदेशी झाडे थंडीत जगवण्यासाठी बांधलेल्या त्या घरात एका कोकणस्थ दरबाराच्या वकिलाचा भात शिजत होता! मोठ्या शहरात परक्याला सर्वांत आधी काय लागते, याचे याहून नेमके उत्तर कागदपत्रांत क्वचितच सापडेल.

रंगो बापूजींच्या वाट्याला असे काचघर आले नाही. त्यांच्या वाट्याला आले ते १८४० च्या दशकातले खरे लंडन. १८४१ च्या शिरगणतीत या शहराची वस्ती १९ लाखांच्या वर होती. जगात एवढे मोठे दुसरे शहर त्या वेळी नव्हते. घरोघरी दगडी कोळशाची शेगडी होती, तिचा धूर नदीवरच्या धुक्यात मिसळे आणि हिवाळ्यात भरदुपारी रस्त्यावरचे वायूचे दिवे लावावे लागत. डिसेंबरात तिथला दिवस आठ तासांचाही नसतो. ज्याची दिनचर्या सूर्याच्या उगवण्या-मावळण्यावर बेतलेली आहे, त्याला हे काय वाटले असेल याची कल्पना सातारची डिसेंबरातली सकाळ पाहिलेल्याने करावी. उलट जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड हटत नाही.

शहराची मलमूत्रे थेट टेम्समध्ये जात आणि पिण्याचे पाणी बरेचसे त्याच नदीतून येई. १८४८-४९ च्या पटकीच्या साथीत लंडनमध्ये १४ हजारांहून अधिक माणसे दगावली. पटकी हा तिथे ‘आशियाई’ रोग म्हणून ओळखला जाई. रंगो बापूजी त्या साथीच्या काळात त्याच शहरात होते.

त्यांच्या कामाचे दोन टोक होते. एक लेडनहॉल स्ट्रीटवरचे ईस्ट इंडिया हाउस, म्हणजे कंपनीचे मुख्यालय. दुसरे वेस्टमिन्स्टर, जिथे पार्लमेंट आणि कंपनीवर देखरेख करणारे बोर्ड ऑफ कंट्रोल. अंतर सुमारे चार किलोमीटर. या दोन टोकांमध्ये चौदा वर्षे हेलपाटे घालणे म्हणजे रंगो बापूजींचे लंडन. पार्लमेंटची जुनी इमारत १८३४ च्या आगीत जळाली होती आणि ज्या काळात ते न्याय मागत होते, त्या सबंध काळात नवी इमारत बांधून होत होती. तिच्यासोबत आज चित्रांत दिसणारा घड्याळाचा मनोरा त्यांनी पूर्ण झालेला पाहिलाच नाही.

ईस्ट इंडिया हाउसमध्ये कंपनीच्या भागधारकांची सभा भरे. ठरावीक रकमेचा भांडवली वाटा असलेल्या कोणालाही तिथे बोलण्याचा आणि मोठा वाटा असल्यास मत देण्याचा हक्क होता. हिंदुस्थानावर राज्य करणारी संस्था शेवटी एक व्यापारी पेढी होती, हे इतके उघडपणे अन्यत्र कुठे दिसत नसे. सातारच्या राजाच्या गादीवर तिथे दिवसच्या दिवस वादविवाद झाले, आणि ते छापूनही निघाले.

राजांच्या बाजूने बोलणारे लोकही काही सामान्य नव्हते. मुंबईत व्यापार केलेले सर चार्ल्स फोर्ब्स, निलगिरीत उटी वसवणारे जॉन सलिव्हन, सातारचे माजी रेसिडेंट जनरल ब्रिग्ज. महाबळेश्वरचा लॉडविक पॉइंट ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते लॉडविक तर राजांची चौकशी करणाऱ्या आयोगातच बसले होते. नंतर लंडनमध्ये त्यांनी राजांची बाजू घेतली. कॉमन्स सभेत जोसेफ ह्यूम यांनी प्रश्न लावून धरला. आणि सर्वांत प्रभावी वक्ता होता जॉर्ज थॉम्प्सन, गुलामगिरीविरोधी चळवळीतला गाजलेला प्रचारक.

इथे थोडे थांबायला हवे. रंगो बापूजींना स्वामिनिष्ठ वकील म्हणून गौरवून थांबण्याची आपल्याकडे रीत आहे. ती चूक नाही, पण अपुरी आहे. त्या माणसाने लंडन हे शहर वापरायला शिकून घेतले होते. १८४० मध्येच एका पेनीत देशभर पत्र पोहोचवणारे टपाल सुरू झाले होते. छापखाने हाताशी होते. धान्यावरील कराविरुद्धची चळवळ, गुलामगिरीविरोधी सभा, मताधिकारासाठी चार्टिस्टांची निवेदने, सारे शहर अर्ज, सभा आणि पत्रके यांनी गजबजलेले होते. रंगो बापूजींनी तीच हत्यारे उचलली. त्यांच्या नावाने इंग्रजीत निवेदने छापली गेली, मंत्र्यांना पत्रे गेली, सभासदांच्या हाती पुरावे पडले. दरबारी वकिली करायला निघालेला माणूस लोकमत घडवण्याचे काम करू लागला. पुढे दादाभाई नवरोजींनी लंडनमध्ये जे मोठ्या प्रमाणावर केले, त्याची ही आधीची, विसरली गेलेली तालीम होती.

आणि तरीही मतदानात ते हरत राहिले. या शहराची खरी शिक्षा हीच होती. साताऱ्यात रेसिडेंटविरुद्ध बोलायची चोरी होती. लंडनमध्ये कोणीही तोंड बंद केले नाही. भाषणे झाली, टाळ्या पडल्या, इतिवृत्ते छापली गेली, ठराव नामंजूर झाले. दार बंद असते तर माणूस वर्षभरात घरी परतला असता. दार किलकिले होते, म्हणून चौदा वर्षे गेली.

१४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह महाराज काशीत वारले. ही बातमी लंडनला पोहोचायला दीड-दोन महिने लागले असणार. तेवढे दिवस रंगो बापूजी एका हयात नसलेल्या धन्याची वकिली करत होते. त्यानंतर महाराजांच्या राण्या आणि दत्तकपुत्र यांच्यासाठी तीच लढाई पुढे चालू राहिली.

पुढचे वर्ष तर विलक्षण आहे. १० एप्रिल १८४८ रोजी लंडनच्या केनिंग्टन मैदानात चार्टिस्टांची प्रचंड सभा भरली. शहराच्या बंदोबस्ताची योजना ड्यूक ऑफ वेलिंग्टनकडे होती. हाच आर्थर वेलस्ली, ज्याने १८०३ मध्ये असईला मराठी फौजांचा पराभव केला होता. मताधिकार मागणारे लोक अर्ज घेऊन आले आणि अर्ज फेटाळला गेला. त्या सभेच्या पाचच दिवस आधी, ५ एप्रिलला, तिकडे साताऱ्यात आप्पासाहेब महाराज वारले होते. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. डलहौसीने तो अमान्य केला आणि सातारचे राज्य खालसा झाले. ज्या गादीसाठी रंगो बापूजी लंडनला बसले होते ती गादीच राहिली नव्हती. सांगोला, पंढरपूर, सातारा, सगळा मुलूख कंपनीच्या नकाशात गेला.

मग ते का परतले नाहीत? याचे एक रोकडे कारण आहे : कर्ज. वकिलातीचा खर्च, छपाई, भाडे, कोळसा हे सारे उसनवारीवर चालले होते आणि महाराज गेल्यावर पैशाचा ओघ आटला. लंडनमध्ये कर्ज फेडता न येणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची पद्धत होती. चार्ल्स डिकन्सचे वडील अशाच तुरुंगात होते. अन्यायाची दाद मागायला आलेला माणूस सावकारांच्या तगाद्यात अडकला.

१८५१ मध्ये हाइड पार्कात काचेचा महाल उभारून जगभरच्या मालाचे प्रदर्शन भरवले गेले. हिंदुस्थानचे दालन त्यातले एक मोठे आकर्षण होते आणि कोहिनूर तिथे पिंजऱ्यात ठेवला होता. खालसा केलेल्या पंजाबचा हिरा पाहायला लोकांच्या रांगा लागत. खालसा केलेल्या साताऱ्याचा वकील त्याच शहरात भाड्याच्या घरात राहत होता.

१८५३ च्या अखेरीस रंगो बापूजी निघाले. देणी भागवण्याची आणि परतीच्या प्रवासाची व्यवस्था कंपनीनेच केली. त्यांना घालवणे कंपनीला ठेवून घेण्यापेक्षा स्वस्त पडले असावे. निघण्यापूर्वी नानासाहेब पेशव्यांचे वकील अजीमुल्ला खान यांच्याशी त्यांची लंडनमध्ये भेट झाली आणि तिथेच १८५७ चा बेत शिजला, अशी कथा लोकप्रिय आहे. कथा आकर्षक आहे. मात्र दोघांचा लंडनमधला काळ एकमेकांना जेमतेम स्पर्श करतो, त्यामुळे तिच्यावर फार भार टाकू नये. बंडाची कारणे शोधायला गुप्त भेटीची गरजही नाही. चौदा वर्षांची नामंजूर निवेदने पुरेशी आहेत.

ते परतले तेव्हा मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झालेली होती. साताऱ्यात मात्र राज्य नव्हते, राजवाड्यात राण्या होत्या. १८५७ च्या उन्हाळ्यात सातारा भागात उठावाचा कट उघडकीस आला. इंग्रजांच्या मते त्याचे सूत्रधार रंगो बापूजी होते. साताऱ्यात सप्टेंबर १८५७ मध्ये सतरा जणांना देहान्त शासन झाले. कोणी फाशी गेले, कोणी तोफेच्या तोंडी, कोणी गोळीने. मारल्या गेलेल्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता.

प्रबोधनकार ठाकरे यांनी १९४८ मध्ये प्रतापसिंह आणि रंगो बापूजी यांच्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या अंगाला ‘चार भिंती’ हे स्मारक आहे, संध्याकाळी तिथे फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते. लंडनमधले ईस्ट इंडिया हाउस १८६१ च्या सुमारास पाडले गेले आणि आज त्या जागी लॉइड्स या विमा संस्थेची पोलादी इमारत उभी आहे.

इंग्रजांनी रंगो बापूजींना पकडण्यासाठी इनाम लावले. ते अखेरपर्यंत कुणाच्या हाती लागले नाहीत.